खचलेला चेहरा आणि ‘हौशी’चा शिक्का

आरोग्यविम्याच्या पॉलिसीतील बारीक टाइपातला मजकूर सहसा कुणी वाचत नाही. वाचलाच, तर त्यातील एका कलमापाशी थांबावे लागेल. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ च्या सप्टेंबरात सर्व कंपन्यांसाठी, कोणते उपचार विम्यातून वगळायचे याची प्रमाण शब्दरचना ठरवून दिली. त्यातील आठव्या क्रमांकाचे कलम असे सांगते की, सौंदर्यशस्त्रक्रिया, प्लॅस्टिक सर्जरी किंवा रूप बदलण्यासाठी केलेला कोणताही उपचार यांचा खर्च मिळणार नाही. अपवाद फक्त अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा, अथवा प्रकृतीला असलेला प्रत्यक्ष आणि तात्काळ धोका दूर करणाऱ्या आवश्यक उपचाराचा. प्रथमदर्शनी कलम वाजवी वाटते. नाक अधिक धारदार करून घेणाऱ्या एखाद्या धनिकाच्या हौशीचा भार गिरणी कामगाराच्या किंवा शिक्षकाच्या हप्त्यांवर का पडावा, असे कुणीही विचारील. परंतु अपवादांची यादी पुन्हा एकदा वाचावी. अपघात, आग, कर्करोग. जिच्या गालाखालची चरबी तिच्याच शरीराच्या बिघडलेल्या संरक्षणव्यवस्थेने नाहीशी केली, ती स्त्री या यादीत कोठे बसते?

ती बसत नाही. बाहेरून घुसलेल्या जंतूंशी लढण्यासाठी असलेले शरीराचे बळ कधी कधी स्वतःच्याच पेशींवर उलटते आणि त्वचा, सांधे, मूत्रपिंड यांची नासाडी करते. या स्वयंप्रतिकार रोगांपैकी काही थेट चेहऱ्यावर घाव घालतात. लूपस हा त्यांतला परिचित. त्याच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. त्याचा एक विरळा प्रकार त्वचेखालच्या चरबीच्या थरात शिरतो; गालांत, दंडांत गाठी उठतात, महिनोन्‌महिने राहतात, आणि बऱ्या होताना जागच्या जागी खड्डे ठेवून जातात. दुसरा रोग त्वचा कठीण करणाऱ्या मॉर्फिया या गटातला. तो बहुधा लहान वयात येतो. कपाळावर एक रेघ उमटते, तेथली त्वचा ताठ व चकचकीत होते, रेघ केसांत शिरते, केस जातात आणि पुढे तिची खोल चर बनते. फ्रेंच वैद्यांनी त्याला ‘तलवारीचा वार’ असेच नाव दिले. त्याच कुळातला मानला जाणारा तिसरा विकार चेहऱ्याची एक बाजूच हळूहळू झिजवतो. इंग्लंडच्या पॅरीने त्याचे केलेले वर्णन १८२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जर्मनीच्या रोम्बर्गने १८४६ मध्ये तो सविस्तर मांडला. यांपैकी काही रुग्णांना झटके येतात, काहींचा डोळा बिघडतो. म्हणजे ही केवळ कातडीवरची बाब आहे, असेही म्हणण्याची सोय नाही.

मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइडे, लूपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधांनी रोगाला आवर घालता येतो. मात्र औषध आग विझवते. जळालेली भिंत पुन्हा उभी करीत नाही. खचलेला गाल भरून काढायचा तर रुग्णाच्या पोटाची किंवा मांडीची थोडी चरबी काढून ती त्या जागी रोपावी लागते. आणि हे रोपण रोग धगधगत असताना करून उपयोग नाही. नवी चरबीही त्याच आगीत जाते. म्हणून रोग निवला आहे आणि पुष्कळ काळ, बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक, निवलेलाच राहिला आहे, अशी खात्री पटल्यावरच बहुतेक शल्यविशारद हात घालतात.

विमाकलमाची खरी मेख येथे आहे. वैद्यकशास्त्र म्हणते, रोग शांत झाल्यावर या. विमा कंपनी म्हणते, तात्काळ धोका असेल तरच या. एकाच देहाकडून या दोन्ही अटी पुऱ्या होणे अशक्य आहे. रोग भडकलेला असेल तेव्हा शस्त्रक्रिया निषिद्ध आणि तो निवला की ती चैन! कलम लिहिणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केले असे मानण्याचे कारण नाही. अशा रुग्णांची त्यांना आठवणच झाली नसावी. पण नियम करणाऱ्यांना ज्यांची आठवण होत नाही, ते लोक कोण असतात, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे.

आणि आठवण एकदाच चुकली असती तर गोष्ट वेगळी होती. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा आरोग्यसेवांना करमाफी मिळाली. त्या अधिसूचनेतील व्याख्येनुसार आजार, इजा, व्यंग यांवरचा उपचार म्हणजे आरोग्यसेवा. मात्र प्लॅस्टिक सर्जरी तीतून वगळली आहे. जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करण्यासाठी ती केली असेल तेवढीच करमुक्त. आजार हा शब्द व्याख्येच्या पहिल्या ओळीत आहे आणि अपवादाच्या ओळीत नाही! ज्या रोगावर औषध देणे ही आरोग्यसेवा, त्याच रोगाने पाडलेला खड्डा भरणे ही करपात्र सेवा. याहून उद्बोधक गोष्ट अशी की, २००९ च्या वित्त अधिनियमाने सौंदर्यशस्त्रक्रियेवर प्रथम सेवाकर बसवला, त्या वेळच्या अपवादात ‘झिजवणारे आजार’ अशा अर्थाचे शब्द होते. २०१२ मध्ये नवी व्याख्या आली तीत ते गळले आणि २०१७ ची व्याख्या तिचीच नक्कल आहे. एखादा सहृदय अधिकारी लहान मुलाच्या बाबतीत ‘वाढीतील विकृती’ या शब्दांचा आधार घेऊ शकेल. गरिबांनी मात्र सहृदय अधिकाऱ्याची वाट पाहत बसायचे, ही न्यायाची रीत नाही. याच कराच्या वर्गीकरणात प्लॅस्टिक सर्जरीला सौंदर्यसेवांच्या गटातही एक जागा दिलेली आहे. त्याच ओळीत, त्याच क्रमांकाखाली तिच्या शेजारी हातापायांची नखे रंगवून देण्याचा व्यवसाय बसवला आहे. नोकरशाहीच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी तेवढी थोडीच.

डाव्या चळवळीतील काही ज्येष्ठ मंडळींना हा सगळा प्रश्नच गौण वाटेल. ज्या देशात क्षयाने माणसे मरतात, जेथे मेळघाटातील बालमृत्यू वर्षानुवर्षे बातम्यांत येत राहिले, तेथे गालावरच्या खड्ड्यांसाठी लेख कसले लिहिता, असे ते म्हणतील. या आक्षेपामागची तळमळ खरी आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे. क्षयाचा पैसा काढून गालाला द्या, असे कुणी म्हणत नाही. आज अशा शस्त्रक्रियेवर पैसा खर्च होतोच आहे. मोठ्या शहरांतील खासगी क्लिनिकांत, ज्यांना परवडते त्यांच्यासाठी, तरुण दिसण्याच्या बाजारात. सुईही तीच असते आणि कौशल्यही तेच असते. चाळिशीतल्या श्रीमंत बाईचा भरलेला गाल आणखी भरण्याला बाजारात जागा आहे, मग पंधराव्या वर्षी अर्धा चेहरा गमावलेल्या मुलीला सार्वजनिक रुग्णालयात जागा का नसावी? प्रश्न अग्रक्रमाचा असेल, तर आज कुणाचा अग्रक्रम चालू आहे हे तरी पाहावे.

दुसरा आक्षेप स्त्रीमुक्तीच्या बाजूने येतो आणि तो अधिक विचारपूर्वक आहे. बाईच्या रूपाचे स्तोम माजवणाऱ्या समाजाला बदलायचे, की त्या समाजाला रुचेल असा चेहरा बाईला करून द्यायचा? चेहऱ्याची सक्ती कुणावरच नको. जिला शस्त्रक्रिया नको, तिला ती नाकारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तिच्याकडे टक लावून पाहणाऱ्यांची कानउघाडणी करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. पण दुकानातील विक्रेती, बालवाडीची शिक्षिका, घरकामाची जागा शोधणारी बाई यांना समाज बदलेपर्यंत चेहरा झाकून बसता येत नाही. त्यांची भाकरी त्या चेहऱ्याशी बांधलेली आहे. शिवाय हरवलेली गोष्ट परत मागणे आणि नसलेली हौस पुरवणे यांतला फरक ज्या तत्त्वज्ञानाला दिसत नाही, ते स्त्रियांच्या बाजूचे आहे असे कसे म्हणावे?

आता या शस्त्रक्रियेविषयी. ती मुळात आजाराच्याच पोटी जन्माला आली, हे तिच्यावर हौशीचा शिक्का मारणाऱ्यांना माहीत नसते. १८९३ मध्ये गुस्ताव्ह नॉयबर या जर्मन शल्यविशारदाने हाडाच्या विकारातून उरलेला, डोळ्याजवळचा एक खचलेला व्रण भरण्यासाठी रुग्णाच्या दंडातील चरबीचे लहान तुकडे वापरले; मानवी चरबीच्या रोपणाची ही पहिली नोंद. चरबी शोषून काढण्याचे तंत्र १९७० नंतर इटली-फ्रान्समध्ये वाढले, ते मात्र कंबर बारीक करण्यासाठी. पुढे १९९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी रोपणाची पद्धत शिस्तीत बसवली. बोथट टोकाच्या पोकळ सुईने आणि हाताने ओढलेल्या साध्या सिरिंजने चरबी हलक्या दाबाखाली काढायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तीतले तेल व रक्तमिश्रित पाणी वेगळे करायचे आणि उरलेली चरबी बारीक बारीक धाग्यांनी, वेगवेगळ्या थरांत, थेंबाथेंबाने सोडायची. एकदम मोठा गोळा भरला तर आतल्या पेशी उपाशी मरतात. नव्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत शेजारच्या ऊतींतून पाझरणाऱ्या रसावरच त्यांना जगायचे असते. इतके करूनही सगळी चरबी टिकत नाही. कधी निम्मी टिकते, कधी त्याहून कमी. कपाळावर ती गालापेक्षा कमी टिकते, असा अनुभव आहे. म्हणून एकाच रुग्णावर दोनदा, तीनदा हे काम करावे लागते. मूळ रोग पुन्हा उठू शकतो, हेही रुग्णाला आधी सांगितले पाहिजे.

या यादीत परदेशी पेटंटाची एकही वस्तू नाही. सिरिंज, काही बोथट सुया आणि सेंट्रिफ्यूज लागतो, आणि सेंट्रिफ्यूज प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतो. भरावासाठी बाजारात मिळणारी रसायने महाग असतात आणि त्यांतली पुष्कळशी काही महिन्यांत विरून जातात, की पुन्हा विकत घ्या. चरबी रुग्णाचीच असते. ती कुणा कंपनीला बाटलीत भरून विकता येत नाही आणि कदाचित म्हणूनच तिच्या बाजूने रदबदली करणारा कुणी नाही. रोडावलेल्या मजूर बाईच्या अंगावर चरबी असते कोठे, असा शेरा ऐकू येईल. चेहऱ्याला बहुधा मोजके चमचेच लागतात, आणि तेवढी बहुतेकांच्या पोटा-मांडीला निघते.

खर्च लागतो तो हाताच्या कौशल्याचा आणि वेळेचा. त्याबाबत हलगर्जीपणा चालणार नाही. चेहऱ्यातील धमनीत चरबी शिरली तर डोळा कायमचा जाऊ शकतो, पक्षाघातही होऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण घडलेले आहे. जे काम शिकलेल्या प्लॅस्टिक सर्जनने रुग्णालयातच करावे, त्याला ‘सौंदर्य’ असे नाव देऊन शासनाने हात झटकले की ते गल्लीतल्या क्लिनिककडे ढकलले जाते. तेथे चरबीला ‘स्टेम सेल’ची झळाळी देऊन दुप्पट-तिप्पट दाम वसूल करणारे टपलेले असतात. रोपलेल्या चरबीतील मूलपेशींचा त्वचेच्या ताठरपणावर काही चांगला परिणाम होतो का, यावर संशोधन चालू आहे आणि ते व्हायलाच हवे. पण संशोधन चालू आहे म्हणून त्याचे दरपत्रक छापता येत नाही. हा बाजार वाढला तो सार्वजनिक रुग्णालयांनी सोडलेल्या रिकाम्या जागेत.

चेहरा पूर्ववत करणे हे श्रमिकांच्या हक्काचे काम आहे, याची नोंद महाराष्ट्राच्याच इतिहासात सापडते. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाशिवाय राहिला आणि मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ च्या ऑक्टोबरात हा वृत्तान्त चित्रासह छापला, आणि युरोपातील शल्यविशारद तो वाचून कामाला लागले. रुग्ण गाडीवान, वैद्य कारागीर! कावसजीला ईस्ट इंडिया कंपनीचे निवृत्तिवेतन मिळत असल्याचेही त्यात नमूद आहे. त्या नफेखोर कंपनीलाही आपल्या गाडीवानाचे काही देणे लागते असे वाटले. आजच्या विमा कंपन्यांचे कलम त्या मानाने अधिक कठोर म्हणावे लागेल.

कुष्ठरोगाचेही तेच. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्लॅस्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी आपल्या कारकिर्दीतील मोठा काळ कुष्ठरोग्यांचे वाकलेले हात आणि बसलेली नाके दुरुस्त करण्यात घालवला. रोग बरा झाला तरी खुणा उरतात आणि समाज त्या खुणांनाच रोग मानून माणसाला बाहेर काढतो, हे ज्यांनी ओळखले त्यांना ‘हे सौंदर्याचे काम’ असे म्हणण्याची छाती कुणाची झाली नाही. आज राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया आहेत आणि त्या काळात बुडणाऱ्या मजुरीपोटी रुग्णाला काही रक्कम देण्याची तरतूदही आहे. तत्त्व शासनाला मान्यच आहे. ॲसिडहल्ल्याच्या बळींबाबत २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांनाही पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेसह मोफत उपचार करण्यास सांगितले, आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात त्यांच्या विद्रूपतेला स्थान मिळाले. या गोष्टी कुणी दान दिल्या नाहीत. त्या मुली कोर्टात उभ्या राहिल्या, रस्त्यावर आल्या, तोंड न झाकता आल्या.

अमेरिकेतही हाच अनुभव. जुन्या औषधांमुळे आणि रोगामुळे एड्सच्या रुग्णांचे गाल आत जात आणि रस्त्यावरून चालणाऱ्याचा रोग अनोळखी माणसाला चेहऱ्यावरून कळे. वृद्ध व दिव्यांगांसाठीच्या तेथील मेडिकेअर या सरकारी विम्याच्या मूळ कायद्यात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली. तरीही २०१० च्या मार्चमध्ये त्या व्यवस्थेने अशा रुग्णांच्या गालांत भराव घालण्याचा खर्च मान्य केला. अट मात्र अशी घातली की, चेहऱ्यामुळे रुग्णाला नैराश्य आलेले असले पाहिजे. गाल गेला एवढे पुरत नाही; त्यापायी मनही मोडले आहे, हे दाखवावे लागते. भांडवलशाहीची करुणासुद्धा दाखला मागितल्याशिवाय पाझरत नाही. तरी दार उघडले ते संघटित रुग्णांमुळे. लूपसच्या, मॉर्फियाच्या रुग्णांना अशी संघटित शक्ती नाही. मॉर्फिया तर इतका विरळ की, अमेरिकेतील मिनेसोटाच्या एका काउंटीत तीन दशकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्याचे सर्व प्रकार मिळून वर्षाला लाखात २.७ नवे रुग्ण आढळले. चेहऱ्यावर येणारे त्यांतले थोडे. ज्यांची मतपेढी होऊ शकत नाही त्यांचा कैवार कुणी घ्यायचा, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. आणि संख्या इतकी अल्प आहे तर तिजोरी रिकामी होईल ही ओरडही पोकळ ठरते.

मागण्या मोजक्या आणि नेमक्या असाव्यात. विमा प्राधिकरणाच्या कलमात अपघात, भाजणे, कर्करोग यांच्या जोडीला ‘आजाराने झालेली ऊतींची हानी’ हे शब्द यावेत आणि तेथे तात्काळ धोक्याची अट लागू नसावी. कराच्या व्याख्येत २०१२ मध्ये गळलेला आजार परत यावा. त्यासाठी जीएसटी परिषदेत राज्याच्या अर्थमंत्र्यांनी विषय मांडावा, आणि ते मांडत नसतील तर विधिमंडळात त्यांना विचारले जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या उपचारसूचीत या रोपणाला, दोन-तीन वेळा करावे लागते हे गृहीत धरून, स्वतंत्र स्थान मिळावे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखण्याची योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. त्या खाटांवर असा रुग्ण दाखल करून घेण्यास ‘कॉस्मेटिक’ म्हणून नकार मिळाला, तर कार्यकर्त्यांनी तो नकार लेखी मागावा आणि धर्मादाय आयुक्तांकडे न्यावा.

या सगळ्याच्या आधीचे एक काम मात्र कोणत्याही सरकारी आदेशाशिवाय उद्यापासून करता येईल. लहान मुलाच्या कपाळावर किंवा गालावर ताठ, चकचकीत, वाढत जाणारी रेघ दिसली तर ती पडल्याची खूण, गजकर्ण किंवा कोडाची सुरुवात समजून मलमे चोळण्यात वर्ष जाऊ न देता जिल्हा रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावे, हे आशा सेविका आणि शाळेतील शिक्षक यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. पहिल्या वर्षांत सुरू झालेल्या मेथोट्रेक्सेटने पुष्कळ चेहरे खचायचे थांबतात. ती गोळी स्वस्त आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नव्हे, हे मात्र घरच्यांना दोनदा समजावून सांगावे लागते.